वरातीचे तीन खोके

मिरजगावात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले जोसेफ सर मोजल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवत नसत. भाचा कृपादान याची वरात घरापासून चर्चपर्यंत निघायची होती आणि नवरदेवाची आई, म्हणजे सरांची थोरली बहीण एंजेला, पाय मोडून नगरच्या दवाखान्यात पडून होती. गल्लीत मोबाईलला रेंज नाही. साखरपुड्याला व्हिडिओ कॉल चार वेळा तुटला, तेव्हा ‘तुझं विज्ञान चुलीत घाल’ असे तिने कळवले होते. म्हणून सरांनी वायफायचे तीन खोके बसवले: घरावर, गिरणीच्या छपरावर आणि चर्चच्या दारात. फोन पुढे सरकेल तसा मागचा खोका सोडून पुढचा धरी. सरांनी अकरा वेळा चालून पाहिले. कॉल एकदाही अडखळला नाही.

वरात निघाली. घर आणि गिरणी यांच्या मधोमध बायकांनी फेर धरला: तीन पावले पुढे, तीन मागे. त्या रेट्यात फोन उंच धरलेले सरही पुढेमागे होऊ लागले. पडद्यावरची एंजेला थिजली, हलली, पुन्हा थिजली.

सरांच्या ध्यानात आले, की आपण एकदाही मागे चालून पाहिले नव्हते. नेमक्या त्या जागी दोन्ही खोक्यांचा जोर सारखा होता. पुढे गेले की फोन गिरणीचा खोका धरी, मागे आले की घरचा, आणि दर अदलाबदलीला कॉलचा श्वास अडके. एकट्याने पुढे जावे, तर एंजेलाला मुलाऐवजी गिरणी दिसणार.

“अंगदराव, बँड वीस फूट पुढे घ्या,” सर बँडवाल्याला म्हणाले.

“सर, नाचनारं जिथं, बँड तिथं. पुढं कुनीतरी नाचाय पायजे.”

“कोण?”

“तुमी मोकळेच दिसताय.”

चाळीस वर्षे वरातींत हाताची घडी घालून उभे राहिलेले सर वीस फूट पुढे गेले आणि त्यांनी कमरेला मोजूनमापून एक झटका दिला. गल्लीत हशा पिकला. मग बायका, बँड आणि नवरदेव, सगळेच सरांकडे लोटले. चित्र स्थिरावले.

“सगळी तुझ्याकडं बघून का हसत्यात?” एंजेलाने विचारले. “तू नाचतोस व्हय?”

“तांत्रिक कारणाने, अक्का. कृपादान दिसतोय ना?”

“त्याला जल्मापासनं बघते. फोन तुझ्या बायकोकडं दे, तू दिसत न्हाईस.”

सरांनी फोन पत्नीच्या हाती दिला. गिरणी आणि चर्च यांच्यामध्ये तशीच आणखी एक जागा होती. तिथूनही सरांनी वरात नाचतच पुढे काढली.