लाल रेघेचा जिराफ

थांबा, थांबा! बूट काढा आधी. टाचा टेकवा. हं, आता पाठ लावा माझ्या पायाला. मी जिराफ बोलतोय. रावेतला नदीकाठी लहान मुलांची खेळांची बाग आहे ना, तिथला. कोणी कशात बसायचं आणि कोणी नाही, हे इथे मी ठरवतो. मालक नाही, मी!

जन्म माझा कासारवाडीचा. समाधान पेंटर नावाच्या भल्या माणसाने प्लायवूड कापून मला घडवलं. ट्रकच्या पाठी आणि दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याची हयात गेली. जिराफ त्याने बापजन्मात पाहिला नव्हता, त्यामुळे माझ्या अंगावरचे ठिपके अगदी गोल आहेत. "आई, हा चित्ता एवढा उंच कसा गं?" असं पोरं विचारतात. असू दे. डोळे मात्र त्याने झकास काढलेत, पापण्यांसकट.

माझ्या अंगावर दोन रेघा आहेत, गुडघ्यापाशी लाल आणि छातीपाशी हिरवी. डोकं लाल रेघेच्या खाली असेल तर झुकझुक गाडीत बसायचं, कारण गाडीचा बोगदा ठेंगणा आहे. हिरव्या रेघेच्या वर असेल तर मोठा पाळणा. मधल्यांसाठी गोल फिरणारे घोडे. माणसांच्या एकेक तऱ्हा मी उभ्या उभ्या पाहिल्यात. मोठ्या पाळण्यासाठी आया पोरींचा अंबाडा पार टाळूवर बांधून आणतात आणि बाप कानात सांगतात, "टाचा वर कर, टाचा!" पण अंबूबाईच्या डोळ्यांत धूळ फेकणारा अजून जन्मायचाय.

अंबूबाई म्हणजे गाडीचं बटण दाबणारी. इथल्याच जुन्या गावातली. ही जमीन कधीकाळी तिच्या सासऱ्याची होती. "आमी हितं वांगी लावायचो," असं ती दुपारी गर्दी नसली की मला सांगते. दुसऱ्या कोणाला नाही सांगत.

निशिगंधा पहिल्यांदा आली ती मार्च महिन्यात. चार वर्षांची, लाल रेघेच्या जेमतेम खाली. बाप चाकणच्या कंपनीत, त्यामुळे एकटी आई घेऊन आली होती. आईचं नाव साधना, लातूरकडची, पोट पुढे आलेलं. रांगेत निशिगंधाचा नंबर आलाच होता, एवढ्यात ऑफिसातला माणूस धावत आला. रोगाची साथ आली, वरून हुकूम आलाय, बाग आत्ताच्या आत्ता रिकामी करा!

पोरीने माझ्या पायाला मिठी मारली. सुटता सुटेना. तेव्हा साधना म्हणाली, "उद्या येऊ हं, लेकरा. नक्की." तशी ती सुटली. गाडीकडे हात हलवून म्हणाली, "उद्या येते."

मग कुलूप लागलं, आणि मी कधी जागा होतो, कधी झोपेत, मलाच सांगता येणार नाही. हमरस्त्याची घरघर थांबली. नदीचं पाणी वाहतं तेही ऐकू येतं, हे मला तेव्हा कळलं. रुळांत गवत वाढलं, त्याला जांभळी फुलं आली. गाडीच्या डब्यांत साळुंक्या बसायच्या, एकेका डब्यात जोडीजोडीने, आणि डोळे जड झाले की मला वाटायचं, गाडी चालू झालीय. बोगद्यात मुंगसाची पिल्लं खेळायची. धुक्यात मोठा पाळणा अर्धाच दिसायचा. त्या धुक्यातून कोणीतरी बारीक आवाजात "आज उद्या आहे का?" असं विचारतंय, असा भास मला कितीदा तरी झाला. छान होतं हो सगळं, पण जीव रमत नव्हता.

मधे एक दिवाळी गेली, दुसरी आली, तेव्हा कुलूप निघालं. माणसं आली ती तोंडं बांधून. माझ्या मानेवर 'अंतर ठेवा' अशी पाटी ठोकली, चांगले चार खिळे मारून! प्रत्येक फेरीनंतर अंबूबाई फवारा मारून डबे पुसायची.

आणि निशिगंधा आली. साधनाच्या कडेवर आता प्रज्वल होता, नुकता पाय फुटलेला. जन्मल्यापासून त्याने एवढी माणसं पाहिलीच नव्हती. आईच्या खांद्यातून तोंड काढायला तयार नाही.

"मावशी, लई वाट बघितली हो हिनं," साधना अंबूबाईला म्हणाली. "रोज सकाळी उठली की, आई, उद्या कव्हा आहे? घरातले पाट मांडून गाडी करायची. हे कामावर निघाले की ह्यांनाच तिकीट द्यायची."

पोरीने न सांगता बूट काढले आणि पाठ माझ्या पायाला लावली. आणि काय सांगू तुम्हाला! आजवर पोरं टाचा उंचावून उभी राहिली. ही पहिलीच, जी फ्रॉकच्या आत गुडघे वाकवून उभी होती.

"सरळ उभी ऱ्हा, बाय," अंबूबाई म्हणाली.

ती सावकाश सरळ झाली. डोकं लाल रेघेच्या चांगलं चार बोटं वर गेलं. हिरवी रेघ अजून लांब होती. आणि घोडे तर बंदच, दांड्यांना सगळ्यांचे हात लागतात म्हणून. पोर ना इकडची राहिली ना तिकडची. मला माझाच संताप आला. माझे गुडघे जरा वर ओढून घेता आले असते तर! पण प्लायवूड ते प्लायवूड.

"न्हाई बसता यायचं गं. बोगद्यात डोस्कं लागंल."

"मी वाकून बसते."

"आन् मधीच वर बघितलंस तर? न्हाई बाय."

"अगं, तू मोठी झालीस आता," साधना समजावायला गेली.

"मी नाही झाले," निशिगंधा म्हणाली. "बाग बंद होती."

तिचा मास्क भिजला होता.

शेवटी अंबूबाईनेच प्रज्वलला उचलून डब्यात बसवलं, पट्टा लावला. त्याने असं भोकाड पसरलं की नदीवरचे बगळे उडाले. निशिगंधाने बाहीने डोळे पुसले आणि गाडीच्या कडेने चालायला लागली. "बघ, मी आहे. मी आहे ना." बोगदा आला तशी ती धावत दुसऱ्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. गाडी बाहेर आली, प्रज्वलने तिला पाहिलं आणि खदखदून हसला. तीही हसली, डोळ्यांतलं पाणी तसंच ठेवून.

फेरी संपली. अंबूबाई फवारा घेऊन आली. प्रज्वल काही उतरेना, दांडा घट्ट धरून बसला. मागे रांग ताटकळलेली. साधना त्याला सोडवता सोडवता सवयीने म्हणाली, "उद्या येऊ हं, बाळा."

"आई, त्याला उद्या म्हणू नकोस," निशिगंधा म्हणाली. "त्याला खरं वाटेल."

साधनाचे हात तिथेच थांबले. अंबूबाईने फवारा खाली ठेवला, पदराने नाक पुसलं आणि रांगेला दटावलं, "थांबा जरा, कुठं आग लागलीय?" मग तिने पुन्हा बटण दाबलं.

आता माझं खालचं प्लाय फुगलंय. लवकरच नवा, फायबरचा जिराफ येणार म्हणतात, खऱ्या ठिपक्यांचा. येऊ दे बापडा. माझं मागणं एवढंच आहे. तुमच्या घरात लाल रेघेखालचं कोणी असेल तर आजच घेऊन या हो. उन्हं उतरेपर्यंत अंबूबाई गाडी चालवते.