एकशे बारा रिपोर्ट

वल्लरीने सहज तपासायला म्हणून प्रियदर्शनी नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीचा रिपोर्ट उघडला आणि स्क्रीनवर प्रोस्टेटची तपासणी आली.

मल्लेश्वरममधल्या एका छोट्या कंपनीत ती देवनहळ्ळीच्या एका लॅबची वेबसाइट करत होती. चार वाजता पेशंटना आपापले रिपोर्ट मोबाइलवर दिसायला लागणार होते. तिने कोड पाहिला. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतले दोन ॲरे, म्हणजे याद्या: एकात नावं, दुसऱ्यात रिपोर्ट. पहिल्या नावाला पहिला रिपोर्ट, दुसऱ्याला दुसरा, अशी नुसती क्रमाने जोडणी. तिसऱ्या पेशंटचं रक्त वाया गेलं होतं, त्याचा रिपोर्टच नव्हता. त्यामुळे खालचे सगळे रिपोर्ट एकेक ओळ वर सरकले होते. दोन्हींची संख्या जुळली नाही की पीएचपी एरर देऊन थांबतं. इथे कुणीतरी शेवटी एक रिकामा रिपोर्ट चिकटवून संख्या जुळवली होती.

"मीच टाकला," तिने दाखवल्यावर टीम लीड गुरुप्रसाद म्हणाला. तो निपाणीचा, त्यामुळे या कानडी शहरातही भांडण मराठीतच. "सारखी एरर येत होती. त्या मुलीचा रिपोर्ट लपव, बाकी सोमवारी बघू. स्वल्प ॲडजस्ट कर की."

"एकीचा नाही सर, तिसऱ्यापासून खाली एकशे बारा जणांचे चुकलेत."

"डॉक्टर येऊन बसल्यात. साइट चालू कर."

"नाही करणार."

"मग मी करतो."

"करा. पण आधी मी त्यांना सांगणार."

तिने लॅपटॉप उचलला आणि मीटिंग रूममध्ये लॅबच्या डॉक्टर सुलभांपुढे ठेवला. "किरकोळ आहे मॅडम," म्हणत गुरुप्रसाद मागोमाग आला. सुलभांचं बोट यादीवरून खाली जात एका नावाशी थांबलं.

"या कृष्णाजींच्या किडनीचा रिपोर्ट बघून सकाळीच मी त्यांना दवाखान्यात बोलावलंय. इथे सगळं नॉर्मल दिसतंय." त्यांनी लॅपटॉप मिटला. "आज काही चालू होणार नाही."

त्या गेल्यावर गुरुप्रसादने वल्लरीला डॉक्टरांना माफीचा मेल लिहायला सांगितलं. तिने लिहिला. त्यात घडलेलं सगळं होतं, माफी नव्हती. तोच मेल तिने कंपनीच्या मालकांनाही पाठवला.

सोमवारी तिला त्या कामावरून काढलं. तोवर तिने प्रत्येक नाव आणि रिपोर्ट नमुन्याच्या नंबराने जोडून ठेवले होते. आठवड्याने साइट तिच्याच कोडवर सुरू झाली.

"सॉरी म्हणाली असतीस तर आज तुझं नाव असतं या कामावर," गुरुप्रसाद म्हणाला.

"सॉरी कशाबद्दल, सर?"

 उत्तराची वाट न बघता ती आपल्या जागेवर गेली.