सोफालने कलिंगड कापलं तेव्हा

मित्रांनो, लाकडालाही भीती वाटते, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. मी सांगते. कुवेतच्या हवल्ली भागात फळं विकून म्हातारी झालेली मी एक हातगाडी आहे.

मला घडवलं शत्रुघ्नने. तो सावंतवाडीकडचा सुतार, करारावर इथे आलेला. दोन शुक्रवारच्या सुट्ट्या खर्चून त्याने यंत्रांच्या रिकाम्या खोक्यांच्या फळ्या जोडल्या, त्यांना रंधा मारला आणि खाली मोडीतल्या ट्रॉलीची चाकं बसवली. मग हर्णैच्या गफूरने मला घेतलं. गफूर कमी बोलणारा माणूस. त्याची बायको सईदा एका घरी मुलं सांभाळायची. रोज पहाटे गफूर मला पुसायचा, ओलं गोणपाट अंथरायचा आणि वर केळी, पेरू, कलिंगडं मांडायचा.

आमच्या गल्लीत तऱ्हेतऱ्हेची माणसं होती. पॅलेस्टिनी बायका कलिंगडाबरोबर खारं पांढरं चीज खात. आमचे कोकणी गडी कैरी दिसली की आधी मीठ शोधत. आणि सोफाल यायची. ती कंबोडियाची. गल्लीतल्याच एका परदेशी कुटुंबाकडे स्वयंपाक करायची. लहानपणी ती आईबरोबर बाजारात फळं विकायला बसे. तिथे चटईवर फळांच्या राशी असतात, गिऱ्हाईक उकिडवं बसून निवडतं आणि विकणारी बाई तिथल्या तिथे कापून देते, असं ती सांगायची. मग लढाई आली आणि तो बाजारच उठला. एके दिवशी तिने गफूरच्या हातून सुरी घेतली, कच्चा पेरू कापला आणि वर मीठ, साखर, लाल तिखट भुरभुरलं.

"ऐसा बेचो," ती तोडक्यामोडक्या हिंदीत म्हणाली. "खाली पेरू मत बेचो."

त्या दिवसापासून माझ्या कोपऱ्यावर मीठ-तिखटाची वाटी आली आणि गिऱ्हाईक दुप्पट झालं. ते माझे सुखाचे दिवस.

मग १९९० चा ऑगस्ट उजाडला. एका सकाळी आभाळात विमानं घोंगावू लागली आणि रस्त्यावर रणगाडे आले. शेजारच्या देशाचं सैन्य शहरात घुसलं होतं. दुकानांची दारं फटाफट बंद झाली. सोफालचे मालक उन्हाळी सुट्टीला परदेशी गेले होते, ती घरात एकटी अडकली. भिंतीशी उभी असताना प्रत्येक गोळीच्या आवाजाला माझ्या फळ्या थरथरायच्या. गफूरही आता मला पुसत नव्हता. दाराच्या फटीतून तो नुसता रस्ता बघत बसायचा, कारण सईदाचे दिवस भरत आले होते.

तिसऱ्या आठवड्यात, सकाळी नऊच्या सुमाराला तिला कळा सुरू झाल्या. दवाखाना मैलभर लांब. गाडी मिळेना, फोन लागेना. गफूर धावत बाहेर आला आणि त्याने मला ओढलं. सोफाल त्याच्या हाकेसरशी आली. माझ्यावर गोधडी अंथरून त्यांनी सईदाला निजवलं. गफूर तिच्यावर गोणपाट टाकू लागला.

"वरती कलिंगडं ठेवतो," तो म्हणाला. "कुणास दिसायची नाय."

सोफालने त्याचा हात धरला. "छुपाना नहीं. सिपाही छुपा हुआ सब खोलता है. मैं देखी है."

गफूरने गोणपाट टाकून दिलं.  उरलेली दोन कलिंगडं सईदाच्या पायाशी ठेवून आम्ही निघालो.

मित्रांनो, तो मैल मी विसरू शकत नाही. रस्ता रिकामा, डांबर तापलेलं, आणि माझी चाकं कर्र कर्र वाजत होती. तो आवाज साऱ्या शहराला ऐकू जातोय असं मला वाटत होतं. सईदाने माझी कड घट्ट धरली होती. तिची नखं माझ्या लाकडात रुतली.

वळणावर वाळूची पोती रचून चार शिपाई उभे होते. त्यांनी बंदुका रोखल्या. एकाने येऊन मला वरखाली पाहिलं, मूठ धरून हलवलं. त्यांच्या मागे कुठल्यातरी दुकानातून आणलेल्या टीव्हींचा ढीग होता. त्याने बाईला खाली उतरवायची खूण केली. ते टीव्ही वाहायला त्याला मी हवी होते.

गफूरने माझी मूठ सोडली नाही. त्याच्या हाताचा घाम माझ्या मुठीवरून ओघळत होता. सईदा हुंदका दाबत म्हणाली, "मना उतरवू नको रे. मी मरंन."

तेव्हा सोफाल पुढे आली. तिने पिशवीतून सुरी काढली. चारही बंदुका तिच्याकडे वळल्या. तिने कलिंगड माझ्या कडेवर टेकवलं आणि बाजारात कापावं तसं ते कापायला घेतलं. फोडी सारख्या पडत नव्हत्या. पहिली फोड तिने त्या शिपायापुढे धरली. त्याने ती घेतली नाही. दुसरा मागून आला. ओठ फुटलेला, दाढी वाढलेला. त्याने फोड घेतली आणि उभ्यानेच खाल्ली, सालीपर्यंत. मग तिसऱ्याने हात पुढे केला.

तेवढ्यात सईदा किंचाळली. गोधडी ओली झाली होती. फोड खाणाऱ्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि माझी मूठ धरलेल्या सोबत्याला बाजूला ढकललं.

"यल्ला! यल्ला!" तो ओरडला, म्हणजे निघा, लवकर.

गफूर आणि सोफाल जिवाच्या आकांताने मला ढकलत सुटले. दवाखान्याच्या फाटकाशी माझं पुढचं चाक निखळलं. आतून नर्सबाई धावत आल्या, पण बाळाने वाट पाहिली नाही. त्या बाळाचा, तहरीमचा, जन्म माझ्याच फळ्यांवर झाला.

नंतर सावलीत बसल्यावर गफूरने विचारलं, "डर नहीं लगा तेरे को?"

"लगा. बहुत लगा," सोफाल म्हणाली. "तभी काटने लगी. हाथ खाली रहे तो भागने को बोलता है."

सप्टेंबरात गफूर, सईदा आणि बाळ मायदेशी जाण्यासाठी बसने जॉर्डनकडे निघाले. सोफालकडे त्या बसचे कागद नव्हते. तिने मला धुतलं आणि बखळीत नेऊन ठेवलं. काही दिवस ती येऊन बघून जायची. मग येईनाशी झाली.

दोन वर्षांनी गफूर एकटाच परत आला. मी धुळीत, तुटक्या चाकावर पडले होते. त्याने चाक बसवलं, धंदा पुन्हा मांडला आणि सोफालचा शोध सुरू केला. ती राहायची त्या घरात आता दुसरीच माणसं होती. त्यांनी विचारलं, "पूर्ण नाव काय? गाव कुठलं?"

गफूर तसाच माघारी फिरला. सोफालने आपल्या बाजाराबद्दल कितीतरी सांगितलं होतं, पण तो बाजार कुठल्या गावचा, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

२००३ मध्ये शेजारी पुन्हा लढाई पेटली आणि हल्ल्याचे भोंगे वाजले, तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते. पेरूची फोड हातात धरून तो भिंतीला टेकून बसला. मीही थरथरले. पुढे त्याला मला ढकलवेना. आता मी एका बकाल्यामागे, म्हणजे किराणा दुकानामागे, रिकामी खोकी वाहते. माझ्या कडेवर सईदाच्या नखांच्या खुणा आहेत. लोकांना वाटतं, उंदराने कुरतडलंय.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंची काळजी घ्या, चाकाला कधी तेल घाला. पण त्याआधी एवढं करा. जो तुम्हाला रोज फळ देतो, जी रोज तुमच्याकडून फळ नेते, त्यांना नाव विचारा. पूर्ण नाव. आणि गावही विचारा. आजच विचारा.