जावेचा कॅमेरा

गेली तेरा वर्षं त्या घरात सूर्य मावळायचा तो थोरलीच्या परवानगीने. साडेपाचला ती चष्म्याच्या दुकानातून घरी यायची, पर्स खुंटीला अडकवायची आणि कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला लावून तडक गच्ची गाठायची. मागोमाग तिची धाकटी जाऊ चहाचे दोन कप घेऊन वर यायची. दोघी सख्ख्या भावांच्या बायका. खालच्या मजल्यावर थोरली, वरच्या मजल्यावर धाकटी आणि दोघींच्या डोक्यावर ती गच्ची. तिथून नदीचं वळण दिसायचं आणि पलीकडच्या गोदामांची पत्र्याची छपरं. धाकटीने कप धरायचे, थोरलीने सूर्य धरायचा अशी कामाची वाटणी होऊन गेली होती, आणि ती बदलावी असं निदान थोरलीला तरी कधी वाटलं नव्हतं.

थोरलीचा कॅमेरा सोळा वर्षांचा, आणि घेतला तेव्हाच कुणीतरी वापरून सोडलेला. बॅटरीच्या कप्प्याचं झाकण रबरबँडने बांधलेलं. बॅटरी पूर्ण भरली आहे असं तो तीन-तीन रेघा दाखवून शपथेवर सांगायचा आणि सूर्य नेमका छपराला टेकला की मान टाकायचा. लेन्सच्या आत एका कडेला बुरशीची नाजूक जाळी होती. एरवी तिचा त्रास नसे, पण सूर्य समोर आला की फोटोत धुरकट डाग उमटे. ट्रायपॉडचा एक पाय तर सभेत डुलक्या घेणाऱ्या माणसासारखा हळूहळू खाली जायचा. त्याला थोरलीने आपल्या पायाचा टेकू द्यायचा आणि श्वास रोखून बटण दाबायचं.

"त्याला आता पेन्शनीत काढ," नवरा म्हणायचा.

"आधी तुम्हाला काढते," ती म्हणायची.

पण एवढं असूनही फोटो निघायचे, आणि चांगले निघायचे. कुठलाही क्लास नाही, कुणी गुरू नाही. आपली आपणच शिकलेली ती. घरात कुणाला काय येतं याची यादी झाली असती, तर थोरलीच्या नावापुढे हीच एक गोष्ट होती. धाकटीचा आवाज गोड, धाकटीची भाषा लाघवी, धाकटीच्या हातची फुलझाडंसुद्धा जास्त फुलायची. थोरलीचा होता फक्त सूर्य.

त्यात वाचनालयाची भिंत निघाली. नवा वाचनकक्ष बांधून झाला होता आणि आत शिरल्या शिरल्या समोर चार फूट रुंदीचा एक सूर्यास्त लावायचा असं ग्रंथपालबाईंनी ठरवलं होतं. गावातल्याच कुणीतरी काढलेला, खाली पितळी पट्टीवर नाव. शनिवारपर्यंत फोटो आणून द्यायचे. थोरलीने सूचना वाचली आणि त्या पट्टीवर स्वतःचं नाव तिला सरळ दिसलंच. तेरा वर्षांतला सगळ्यात चांगला फोटो तिने काढून ठेवला आणि मोठा करून मिळेल का विचारायला फोटो छापणाऱ्याकडे नेला.

त्याने तो बराच वेळ पाहिला. "ताई, फोटो झकास आहे. पण एवढा मोठा केला तर चौकोन दिसतील."

"कसले चौकोन?"

"फोटो उसवतो. तुमचा कॅमेरा फार जुना आहे हो. वहीएवढा छापा, कुणी नावं ठेवणार नाही. चार फुटांना मात्र नवा कॅमेरा पाहिजे."

ती घरी आली ती हेच डोक्यात घेऊन, आणि जिन्यातच धाकटी भेटली. तिच्या हातात नवा कोरा कॅमेरा होता. आज रविवार, तिचा एकोणपन्नासावा वाढदिवस, आणि थोरलीच्या दिराने बायकोला ही भेट दिली होती.

"ताई, बघा ना हो. मी म्हटलं यांना, मला काय कळतंय त्यातलं. तर म्हणतात, वहिनी आहेत की शिकवायला."

वहिनी होत्याच. वहिनींनी कॅमेरा हातात घेतला. नव्या रबराचा वास, हाताला बसणारी मूठ, बॅटरीचं झाकण टक्कन बंद होणारं. ते थोरलीने उगाचच तीनदा उघडून बंद केलं. तिने गच्चीवर जाऊन चष्मा कपाळावर सरकवला, नेहमीच्या सवयीने, आणि डोळा लावला. सगळं धूसर. दिवसभर चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवणारी बाई ती; तिला काय लागतंय ते चटकन कळलं. डोळा लावायच्या खिडकीशेजारी नखाएवढं दातेरी चाक होतं. ज्याच्या त्याच्या डोळ्याच्या नंबराप्रमाणे ती खिडकी जुळवून घेता यावी म्हणून असतं ते. थोरलीचा नंबर उणे तीन. तिने चाक फिरवत नेलं, आणि नदी उघडली. पलीकडच्या छपरावरचे खिळे मोजता येतील इतकी लख्ख. तिने तीन फोटो काढले आणि चौथा मुद्दाम काढला नाही, कारण तो काढला असता तर कॅमेरा परत देववला नसता.

"छान आहे," ती म्हणाली. "संध्याकाळच्या उजेडात फोकस त्याच्यावर सोडू नकोस, गोंधळतो. हाताने फिरवून कर. भिंतीसाठी तूही दे एखादा."

हे शेवटचं ती केवळ बोलायचं म्हणून बोलली होती. धाकटीने ते मनावर घेतलं.

सोमवारी संध्याकाळी चहाचे कप आलेच नाहीत. धाकटीचे दोन्ही हात गुंतलेले होते. कुटुंबाच्या ग्रुपवर तिने आदल्या दिवशी अंगणाच्या फाटकाचा फोटो टाकला होता, आणि त्याच्याखाली कौतुकाची नुसती रांग लागली होती. फाटकाच्या. थोरलीने तेरा वर्षांत टाकलेल्या सूर्यांना दोन अंगठे यायचे, त्यातला एक नवऱ्याचा.

उतरताना धाकटी म्हणाली, "ताई, मला त्यातून काही नीटच दिसत नाही. सगळं धुक्यात असल्यासारखं."

थोरलीचा पाय पायरीवर अडला. चाक. ते आपल्या नंबरावर तसंच राहिलं होतं. धाकटीचं दूरचं नंबराशिवाय लख्ख. तिला त्या खिडकीतून नदी काय, सूर्यसुद्धा साबणाच्या पाण्यातला दिसणार. "आण इकडे" एवढे दोनच शब्द बोलायचे होते. ते जिभेवर आलेही.

"नवीन आहे ना," थोरली म्हणाली. "हात बसायला वेळ लागतो."

आणि घरात जाऊन तिने भाजी इतक्या जोरात चिरली की नवऱ्याने पेपर खाली घेऊन पाहिलं.

मंगळवारी धाकटीने चाळीस फोटो काढले, बुधवारी साठ. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर उन्हात काही दिसायचं नाही, आणि जवळचा चष्मा वर न्यायची तिला लाज वाटायची. ताईंनी सांगितल्याप्रमाणे ती फोकस हाताने फिरवायची, पण धूसर खिडकीतून तो चुकायचाच; घरी फोटो संगणकावर लावले की सगळे पुसट. थोरली आपल्या ट्रायपॉडला पायाचा टेकू देऊन शेजारी उभी असायची आणि मनातल्या मनात म्हणायची, तिचं यंत्र आहे, तिने पुस्तिका वाचावी, सगळं लिहिलेलं असतं. मी काही मोडलं नाही. मी फक्त सांगितलं नाही. शनिवारपर्यंत सांगितलं नाही तर काही जग बुडत नाही. रविवारी सांगू.

धाकटी मात्र पुस्तिका वाचणाऱ्यांतली नव्हती. ती गुरुवारी सकाळी कॅमेरा घेऊन, तो जिथून आणला त्या दुकानात गेली. विक्रेत्याने मागच्या पडद्यात बघून रस्त्याचा एक फोटो काढला आणि तिच्यापुढे धरला. काचेसारखा स्वच्छ.

"कॅमेरा उत्तम आहे, बाई," तो म्हणाला. "एकदा डोळे तपासून घ्या."

म्हणून गुरुवारी दुपारी थोरली चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत एका गोल काचेची कड घासत बसलेली असताना पुढून ओळखीचा आवाज आला. डोळे तपासणाऱ्या सरांची खोली आणि तिचं टेबल यांच्यामध्ये प्लायवूडचा पातळ पडदा तेवढा होता. शिंकसुद्धा लपत नसे.

"खालची ओळ वाचा," सर म्हणाले.

धाकटीने वाचली. मग दुसऱ्या डोळ्याने वाचली.

"नंबर आहे तोच आहे. दूरचं अगदी छान."

"मग मला कॅमेऱ्यातून का दिसत नाही?" धाकटीचा आवाज बारीक झाला होता. "सर, माझ्या आईची नजर पन्नासाव्या वर्षी गेली. तिलासुद्धा आधी सगळे हेच म्हणायचे, नंबर आहे तोच आहे. मी एकोणपन्नासची आहे."

सरांनी खण उघडल्याचा आवाज आला. "असं असेल तर मोठ्या हॉस्पिटलात डोळ्याचा आतला पडदा तपासून घ्या. चिठ्ठी देतो."

थोरलीच्या हातातली काच फिरत्या दगडावर जास्त वेळ राहिली आणि एका बाजूने खाल्ली गेली. कुण्या गिऱ्हाईकाची काच होती. तिने मशीन बंद केलं. आईचं तिला माहीत होतं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी नेताना धाकटीनेच तिला सांगितलं होतं, आई तुमचा चेहरा हाताने बघेल, घाबरू नका.

चिठ्ठी लिहिल्याचा आवाज येईपर्यंत ती बसून राहिली. तेवढा वेळही तिने घेतला. मग हात पुसत बाहेर आली.

"अय्या, ताई. तुम्हाला सांगणारच होते मी, उगाच काळजी नको म्हणून..."

"कॅमेरा आणलायस?"

होता. थोरलीने तो घेतला, दातेरी चाक उलट फिरवलं आणि तिच्या हातात दिला. "त्या तक्त्याकडे बघ. ते चाक फिरव. सावकाश."

धाकटीने डोळा लावला. फिरवलं. मग एकेक अक्षर वाचत खालच्या ओळीपर्यंत गेली, आणि तिथून पुढे तक्ता छापणाऱ्याचं बारीक अक्षरातलं नावही वाचलं. वाचता वाचता तिच्या गालावरून पाणी ओघळलं, पण तिने डोळा काढला नाही.

"हे कुणी फिरवलं होतं?"

"मी. रविवारी."

"तुमच्या लक्षात आत्ता आलं होय?"

किती सोपं उत्तर तिने हातात आणून ठेवलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. चिठ्ठी लिहिणारे सरही मान वर करून बघत होते.

"सोमवारी आलं," थोरली म्हणाली. "तू जिन्यात बोललीस तेव्हा."

धाकटीने कॅमेऱ्याला टोपण लावलं. ते नीट बसलं की नाही ते दोनदा दाबून पाहिलं.

"काल दुपारी मी डोळे मिटून घरभर चालून बघितलं, ताई," ती म्हणाली. "सराव असावा म्हणून. ओट्यापर्यंत गेले. मग कपाट लागलं."

एवढं बोलून ती गेली. सरांनी चिठ्ठी फाडून टोपलीत टाकली आणि जवळच ठेवलेल्या चष्म्याच्या दांड्या उगाचच पुसत बसले. थोरलीने मागे जाऊन खराब झालेली काच बाजूला ठेवली आणि नवी घेतली.

शुक्रवारी ती घरी आली, पण गच्चीवर गेली नाही. वर पावलं वाजत होती. ती स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती. पावलं कुठे थांबली, कुठल्या कठड्याशी गेली, तिला खालून कळत होतं. सूर्य टेकायला अर्धा तास असेल तेव्हा दार वाजलं.

"चला वर," धाकटी म्हणाली. डोळे सुजलेले, आवाज कोरडा.

"मी कशाला?"

"मला राग आलाय तुमचा. तो आहेच, जाणार नाही एवढ्यात. पण शिकवायचं अर्धवट ठेवलंयत, आणि उद्या शनिवार."

थोरली रिकाम्या हातांनी वर गेली. आपला कॅमेरा आणायचा तिला धीर झाला नाही. धाकटीने फोटो काढले. लख्ख, नेटके, आणि तेरा वर्षं सूर्य पाहिलेल्या माणसाला अगदी सपक. सूर्य बुडाला. धाकटीने पट्टा गुंडाळायला घेतला.

आभाळ राखाडी झालं होतं. आता काही नाही असंच कुणालाही वाटेल. थोरलीला ठाऊक होतं की ढग असे उंच आणि पातळ असले, की सूर्य गेल्यावर दहा-बारा मिनिटांनी ते खालून पेटतात, आणि मग गोदामांचे पत्रेसुद्धा गुलाबी होतात. हे कुठल्या पुस्तिकेत नव्हतं. ते तिने कितीतरी वेळा उशिरा खाली जाऊन, बोलणी खाऊन कमावलं होतं. धाकटी दोन पायऱ्या उतरली. ही एकच गोष्ट उरली होती तिच्याजवळ.

"थांब," ती म्हणाली. "अजून व्हायचंय."

"काय व्हायचंय? गेला की."

"ये परत. कठड्यावर टेकव तो. नदी खाली ठेव, आभाळ जास्त घे. आणि मी सांगेन तेव्हा दाब."

दोघी उभ्या राहिल्या, मध्ये हातभर अंतर ठेवून. मग पश्चिमेकडून ढगांच्या पोटाला रंग चढत आला.

"आता," थोरली म्हणाली.

तो फोटो भिंतीवर लागला. थोरलीनेही आपला दिला होता. ग्रंथपालबाईंनी तो वहीएवढा छापून मासिकांच्या कपाटाजवळ लावला, आणि म्हणाल्या, हासुद्धा गोड आहे. तो 'हासुद्धा' थोरलीने महिनाभर चघळला. चहाचे कप पुन्हा गच्चीवर येऊ लागले होते, पण धाकटी अजून मोजून बोलत होती, आणि कॅमेरा कधी थोरलीच्या हातात दिलाच तर परत घेताना आधी चाक बघत होती.

पट्टीवर नाव धाकटीचं होतं, आडनावासकट, आणि आडनाव दोघींचं एकच. त्यामुळे एक दिवस दुकानात चष्मा न्यायला आलेल्या बाई म्हणाल्या, "वाचनालयातला तो सूर्यास्त तुमचा ना? काय रंग पकडलाय. मी रोज पाच मिनिटं त्याच्यासमोर बसते."

थोरली फ्रेमचा स्क्रू आवळत होती. तिने तो आधी पूर्ण आवळून घेतला.

"माझ्या जावेचा," ती म्हणाली. आणि चष्मा बाईंच्या नाकावर बसवत म्हणाली, "आता परत जाऊन बघा. नदी डावीकडे किंचित कललीय."