भूल कोणाला पडली?

गुऱ्हाळातला उकळता रस सांडून अण्णासो काकांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. ड्रेसिंगचं नाव काढलं की ते दवाखान्यातून पळ काढत. जखम चिघळली तर हात जाईल, असं बजावून डॉक्टर मेहरुन्निसा थकल्या होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "औषधं चालूच राहतील. जोडीला संमोहन करू या. वेदना कमी जाणवतील."

काका ताडकन उठले. "मला भूल घालताय व्हय? आन् भुलीत माझी कळंब्याची जमीन लिहून घेतली म्हंजे?"

पुतणी संघप्रिया खिडकीशी उभी होती. तेच शब्द! गेल्या वर्षी तिच्या आईच्या, पारूबाईच्या कॅन्सरच्या वेदनांवर डॉक्टरांनी हाच उपाय सुचवला होता, तेव्हाही काका असेच आडवे आले होते. आई कण्हत कण्हत गेली. आणि जत्रेतल्या संमोहनाच्या खेळात कांदा सफरचंद समजून खाणाऱ्याला टाळ्या पिटणारे हेच काका!

"घरात बुद्धाची तसबीर, गळ्यात बुवाचा ताईत," ती थंडपणे म्हणाली. "त्या बुवाला बोटातली अंगठी काढून दिलीत, तेव्हा कोणी भूल घातली होती, काका?"

"त्यो बुवा येगळा."

"व्हय की. तो डॉक्टरकी शिकलेला न्हाय."

डॉक्टर म्हणाल्या, "अण्णासो, यात शुद्ध हरपत नाही. माझं बोलणं ऐकू येईल. नको वाटलं तर उठून जा. कोणी त्यात अडकून पडत नाही. सगळ्यांना सारखाच गुण येतो, असंही नाही. संघप्रिया इथंच बसेल."

हात जाण्याच्या भीतीनं काका बसले. डॉक्टर संथ आवाजात विहिरीच्या गार पाण्याचं वर्णन करत राहिल्या. काकांचे खांदे सैलावले. नर्सनं पट्टी सोडवली, जखम धुतली. मग त्याच आवाजात डॉक्टर म्हणाल्या, "आता म्हणा, जमीन पुतणीच्या नावावर करतो."

"न्हाय करत, जावा!" मिटल्या डोळ्यांनीच काका गरजले.

नर्स फिस्सकन हसली. काकांनी डोळे उघडले, तर नवी पट्टी बांधून झालेली!

"दुखलं की. पर सोसंल इतकंच," ते पुटपुटले. मग त्यांचा चेहरा उतरला. "पोरी, वैनीला बी हे मिळालं असतं."

"असतं." त्यांची समजूत काढावी, असं तिला वाटलं नाही.

"भूल मलाच पडलीती," म्हणत त्यांनी डाव्या हातानं ताईत तोडला.

संमोहन ही जादू नव्हे. जाणत्या डॉक्टरच्या हातातलं ते उपचाराचं एक साधन आहे. ते समजून न घेता हाकलून लावताना आपण एवढं तरी आठवावं, की कण्हणारं माणूस दर वेळी आपणच नसतो.