टिपणीसांची बढती

शशिधर टिपणीसांना लेक्चररवरून रीडरची बढती मिळाली ती अशा वर्षी, की शहाण्या माणसाने ती दारातूनच परत पाठवावी. साल होतं एकोणनव्वद. ब्रिटिश सरकारने नुकताच कायदा केला होता. विद्यापीठातल्या जुन्या माणसांची नोकरी निवृत्तीपर्यंत पक्की. पण सत्त्याऐंशीच्या नोव्हेंबरनंतर जो नव्याने लागेल किंवा बढती घेईल, त्याचं हे संरक्षण गेलं.

यॉर्कशरमधल्या त्या विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागात हे सगळ्यांना ठाऊक होतं. टिपणीसांनाही होतं. त्यांच्या बरोबरीचा लेक्चरर कॉलिन मॅथर्स, त्यालाही बढती देऊ केली होती. त्याने चहात बिस्किट बुडवता बुडवता ती नाकारली आणि टिपणीसांना म्हणाला, "शशी, घेऊ नकोस. आपला विभाग छोटा. उद्या कात्री चालली तर तू एकटा उघडा पडशील."

कॉलिनचं ठीक होतं. तो लेक्चरर आहे की रीडर, याचं त्याच्या सात पिढ्यांत कुणाला सोयरसुतक नव्हतं. टिपणीसांना मात्र तीनदा डावललं होतं, आणि त्यातल्या एकदा तर त्यांच्याच हाताखाली पीएचडी केलेला पोरगा पुढे गेला होता. लीड्सच्या मराठी मंडळात सगळे डॉक्टर. गणपतीला भेटले की हमखास विचारणार, "काय टिपणीस, प्रोफेसर कधी होताय?" माणसं वाईट नव्हती, पण मीठ नेमकं कुठे चोळायचं ते त्यांना बरोबर कळायचं. आणि त्यांच्या बायकोने, सुप्रभाबाईंनी, बढतीचं कळताक्षणी पुण्याला सासऱ्यांना फोन लावला. तिकडे पेढे वाटून झाले. इकडे मंडळाने शाल-श्रीफळाची तारीख ठरवली. सत्काराची तारीख ठरल्यावर बढती नाकारायची कशी, हे शास्त्र आपल्या लोकांत अजून निघालेलं नाही.

"अहो, पण त्या नव्या लॉचं काय?" सुप्रभाबाईंनी एकदा विचारलं.

"ते सगळं पेपरवर असतं गं. इतक्या वर्षांच्या माणसाला कोण सॅक करतंय? इट्स जस्ट नॉट डन हिअर."

या देशाच्या सभ्यतेवर टिपणीसांचा इंग्रजांपेक्षा जास्त विश्वास होता. त्यांनी सही केली.

चार वर्षांनी विद्यापीठाने विभाग बंद करायचं ठरवलं. सरकारने संशोधनाची तपासणी करून प्रत्येक विभागाला आकडे दिले होते आणि यांच्या विभागाचा आकडा खालून दुसरा होता. जे काही शोधनिबंध त्या तपासणीत मोजण्यालायक ठरले, त्यांतले निम्मे टिपणीसांचे होते. पण काढायचं कुणाला, हा प्रश्न शोधनिबंधांवर सुटणार नव्हता. जुन्या लेक्चररना हात लावता येत नव्हता, म्हणून त्यांना भूगोल विभागात सामावून घेतलं. गेल्या दहा वर्षांत ज्याने एक ओळ छापली नव्हती, तो कॉलिनसुद्धा सुखरूप राहिला. उरले एकटे टिपणीस.

डीनने त्यांना बोलावून हे फार हळुवारपणे सांगितलं. टिपणीस रात्रभर जागून एक तोड काढून आले होते.

"मग माझी बढती परत घ्या," ते म्हणाले. "मला पुन्हा लेक्चरर करा. पगारही जुनाच द्या."

पंचावन्न वर्षांचा माणूस आपली पायरी खाली करा म्हणून हात जोडत होता. डीन खिडकीबाहेर बघायला लागला. "तसं केलं तर ती नवी नेमणूक ठरेल, डॉक्टर टिपणीस. नव्या नेमणुकीलाही संरक्षण नाही."

"म्हणजे मी होतो तिथे परत जायला वाटच नाही?"

"नाही," डीन म्हणाला. मग त्याचा चेहरा जरा उजळला, द्यायला काहीतरी सापडल्यासारखा. विद्यापीठ एक मात्र आनंदाने करील, तो म्हणाला.

घरी सुप्रभाबाई भाजी चिरत होत्या. त्यांनी वर बघितलं आणि सुरी खाली ठेवली.

"जूनपर्यंत आहे. मग संपलं," टिपणीस म्हणाले.

"मी तेव्हा पुण्याला बाबांना फोन करायला नको होता."

"सही मी केली. तू नाही."

मग सुप्रभाबाईंनी विचारलं, "आणि रीडरशिप? ती पण काढून घेणार?"

"नाही, ती देतायत. ऑनररी. दारावरची पाटी जाईल, पण नावापुढे रीडर लावता येईल. लायब्ररीचं कार्ड पण आहे."

"पगार नाही, आणि नुसतं नाव?"

"हो."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

टिपणीसांनी कोटाची बटणं काढायला घेतली. एकही बटण निघेना. त्या केबिनमध्ये काय काय बोलता आलं असतं, ते सगळं त्यांना येताना बसमध्ये सुचलं होतं.

"थँक यू म्हणालो," ते म्हणाले, आणि कोट अंगात तसाच ठेवून ओट्यापाशी उभ्या उभ्या हमसून रडायला लागले.