हातपंपांत मिसळलेले पाहुणे

दोन जिल्ह्यांतले हातपंप एकाच नकाशावर दाखवायचं काम पायलच्या अमरावतीतल्या छोट्या कंपनीला मिळालं. अमरावतीची माहिती तिच्या डेटाबेसमध्ये होतीच. अकोल्याची मात्र तिथल्या एका खाजगी सर्व्हे कार्यालयात, महादेवरावांच्या संगणकावर होती, आणि ते फाइल द्यायला तयार नव्हते. एकदा दिली की तिच्या चार नकला होतात आणि खरी कोणती ते कोणालाच कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. बघायची तेवढी मुभा त्यांनी दिली.

पायलने मग फाइल आणलीच नाही. आपल्या डेटाबेसला तिने त्या फाइलचा पत्ता दिला. फाइल अकोल्यातच राहिली, पण इकडे ती तिच्याच टेबलांपैकी एक असल्यासारखी उघडायची. विचाराल त्या क्षणी तिकडे जे असेल ते समोर हजर. पायल स्वतःवर भलतीच खूश झाली.

नकाशा बघायला पाणीपुरवठ्याचे गावंडे साहेब आले. अमरावतीकडचं नांदगाव खंडेश्वर झकास दिसलं. अकोल्याचा बार्शीटाकळी तालुका उघडला, तर ठिपक्यांची नुसती जत्रा. साहेबांनी एक ठिपका दाबायला लावला. हातपंपाचा शेरा होता, ‘धाकटे साडू. रुसलेले. दोनदा जाणे.’ शेजारच्या हातपंपाचा, ‘जेवल्याशिवाय सोडत नाहीत. शेवटी ठेवणे.’

 कोपऱ्यात जाऊन पायलने महादेवरावांना फोन लावला.

“पोरीचं लगन हाय, बाई. पाहुण्याईची घरं त्याच फाइलीत टाकून पत्रिका वाटाचा रस्ता काढून राहिलो,” ते म्हणाले. “पण तुले कसं दिसून राहिलं? फाइल त माह्या मशीनात हाय.”

तिने समजावलं. ते घाईघाईने पाहुणे पुसायला लागले. इकडे नकाशा ताजा केला की साडू, व्याही, आत्या एकेक करून नाहीसे होत होते.

“थांबवा त्याईले,” फोनवरचं सगळं ऐकत असलेले, इतका वेळ शुद्ध बोलणारे साहेब म्हणाले. काम हातचं गेलं, असं पायलला वाटलं. पण साहेबांनी खुर्ची पडद्याशी ओढली आणि पिंजर गावावर बोट ठेवलं. “महादेवराव माह्ये आतेभाऊ हायेत. पिंजरले आमचं घर हाय. मी पहिल्यापासून पाहून राहिलो, तिथं ठिपकाच नाही. काहून नाही?”

पायलने हा प्रश्न हळू आवाजात फोनवर पोचवला. पलीकडून कळा बडवल्याचा आवाज आला. तिने नकाशा पुन्हा ताजा केला. पिंजरवर एक ठिपका उगवला होता. ‘मामाचं घर. मानाचे. पहिली पत्रिका यांचीच.’

साहेबांनी ते दोनदा वाचलं, काम मंजूर केलं, आणि ज्याला पंप क्रमांक नाही तो ठिपका दाखवू नका, एवढीच सूचना केली. पायलने ती अट तिथल्या तिथे घातली. पायलच्या नकाशावरून सगळे पाहुणे गेले. अकोल्यात मात्र महादेवरावांनी पुसलेलेही परत भरले, आणि ते सगळे जागच्या जागी राहिले.

संध्याकाळी महादेवरावांचा फोन आला. आता तुले दिसतेच, त रस्ताही तूच काढून दे, म्हणाले. पायलने काढून दिला. पहिला थांबा पिंजर धरावा लागल्याने तो बराच लांबचा झाला.